ऊन सर्वांना सारखे लागत नाही



मे महिन्यात आमच्या राळेगावात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. दुपारी रस्ते ओस पडतात, कूलरची घरघर सुरू होते आणि माठाखालची वाळू ओली राहते. ऊन सर्वांवर सारखेच पडते. पण ते सर्वांना सारखेच लागते का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. या उत्तरामुळे आपल्या शाळांचे एकदोन नियम बदलायला हवेत, असेही माझे मत आहे. ते तुम्हांला आणि तुमच्या शिक्षकांना पटते का, ते पाहू या.

प्रथम थोडे गणित करू. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस सुमारे १०० वॅट या दराने उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणजे तो एक जुना शंभराचा बल्बच असतो म्हणा ना! ही उष्णता बाहेर गेली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाईल. ती बाहेर जाण्याचे मार्ग चार: वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन. पहिले तीन मार्ग भोवतालची हवा आणि वस्तू त्वचेपेक्षा थंड असतील तरच उपयोगी पडतात. त्वचेचे तापमान असते ३४-३५ अंश. बाहेर ४२ अंश असतील तर उष्णता उलट आत येऊ लागते. मग हाती उरतो एकच मार्ग, घामाच्या बाष्पीभवनाचा.

एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. १०० वॅट म्हणजे तासाला ३,६०,००० ज्यूल. भागाकार करा, उत्तर येते १५० ग्रॅम. नुसते सावलीत बसून राहायचे तरी तासाला पेलाभर पाणी खर्ची पडते. बाहेरून येणारी उष्णता आणि मैदानावरची धावपळ यांचा हिशेब वेगळाच. आपला माठ आणि आपला कूलर याच तत्त्वावर चालतात. जुलैच्या दमट हवेत कूलर निकामी का वाटतो, याचे कारणही तुमच्या लक्षात आले असेल. घाम नुसता गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे.

घामाची ही करामत किती मोठी आहे, हे १७७४ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. तो आणि त्याचे सहकारी उकळत्या पाण्याहूनही अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबले आणि सुखरूप बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र चांगली शिजली! या प्रयोगाचे वर्णन करताना सगळे घामाचे कौतुक करतात. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे जाते. ब्लॅग्डेनला 'आता पुरे' असे वाटू शकत होते, आणि तसे वाटताच दार उघडून तो बाहेर येऊ शकत होता.

खरे तर शरीराची तापमान राखण्याची व्यवस्था दुहेरी आहे. तिचा पहिला भाग आपोआप चालतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखे काम करतो. तो घाम आणवतो, त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो, थंडीत अंगावर काटा आणून कापरे भरवतो. दुसरा भाग आपल्या वागण्याचा. सावलीत सरकणे, स्वेटर काढणे, पाणी मागणे, 'बाई, मला गरगरतंय' असे सांगणे, ही सर्व तापमान-नियंत्रणाचीच कामे होत. पण त्यांसाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी जाणवले पाहिजे, मग त्याचा अर्थ कळला पाहिजे आणि मग काही करता किंवा बोलता आले पाहिजे.

जाणवणे आणि असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका. ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते. पण तोंडात थर्मामीटर ठेवला तर पारा काही त्या आगीच्या मानाने वर चढणार नाही. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णता ओळखणाऱ्या ज्ञानतंतूंवरील एका प्रथिनाला चेतवते, आणि मेंदूला 'भाजले' असा खोटा निरोप जातो. हे प्रथिन शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इथे उष्णता नसताना निरोप गेला. मग याच्या उलट, उष्णता असूनही निरोप पोचला नाही, असे होऊ शकेल का?

होऊ शकते. इथे मला स्वमग्न मुलांविषयी बोलायचे आहे. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा रोग नव्हे; ती मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात वेगळी तऱ्हा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तिचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला. इतरांशी संवाद साधणे अवघड जाणे, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होणे, या गोष्टी पुष्कळांना ठाऊक आहेत. संवेदनांमधला फरक तितका ठाऊक नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये काढलेल्या निदानपुस्तिकेत वेदनेकडे किंवा तापमानाकडे लक्षच नसल्यासारखे वागणे हे स्वमग्नतेतील संवेदनाफरकाचे एक उदाहरण म्हणून दिले आहे.

मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. स्वमग्न मुलांच्या त्वचेवर गरम-थंड वस्तू टेकवून जे प्रयोग झाले, त्यांत काहींना फरक आढळला, काहींना आढळला नाही. सर्व स्वमग्न मुले एकसारखी नसतात. एखाद्याला ऊन जाणवतच नाही. दुसऱ्याला ते इतके जाणवते, की घामाने ओला झालेला सदरा अंगावर सहन होत नाही. तिसऱ्याला उकडते खरे, पण कूलरच्या आवाजाने तो कान झाकून घेतो आणि कूलर बंद करायला लावतो. डिसेंबरात घालायला सुरुवात केलेला स्वेटर चौथा मार्चमध्येही काढत नाही, कारण शाळेत जाताना स्वेटर घालायचा हा त्याचा क्रम ठरून गेलेला असतो. घर्मग्रंथी ठीक असूनही वागण्याच्या वाटेवर कुठेतरी पायरी निसटते.

त्यात आणखी एक भर पडते. काही स्वमग्न मुलांना फेफऱ्यासाठी किंवा तीव्र चिडचिडीसाठी औषधे घ्यावी लागतात. त्यांपैकी काही औषधांनी घाम कमी येतो किंवा तापमान-नियंत्रण बिघडू शकते. म्हणून औषध मनाने बंद करायचे नाही. उन्हाळा लागण्यापूर्वी डॉक्टरांना मात्र जरूर विचारायचे.

धोका कोठे आहे, ते आता पाहा. उष्माघात होऊ लागला की माणूस चिडतो, गोंधळतो, असंबद्ध वागतो. इतर मुलांच्या बाबतीत आपण लगेच म्हणतो, 'याला ऊन लागले.' स्वमग्न मुलाच्या बाबतीत म्हणतो, 'हा असाच करतो.' मोलाची मिनिटे या तीन शब्दांत वाया जातात. वागण्यात अचानक बदल दिसला की आधी कपाळ-मान चाचपून पाहावी, सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा. गोंधळ किंवा बेशुद्धी असेल तर पाणी पाजण्याच्या खटपटीत न पडता तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता माझे मत सांगतो. 'तहान लागेल तेव्हा मागेल' हा नियम ज्याला तहान ओळखता येते आणि सांगता येते त्याच्यासाठी ठीक आहे. ज्याला ते जमत नाही, त्याच्यासाठी घड्याळाने तहानेची जागा घ्यावी. केरळातील शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली. ती घंटा आपल्याकडेही वाजावी, आणि ती सर्व मुलांसाठी वाजावी. एकट्याला उठवून पाणी पाजले तर तो वेगळा पडतो. सारा वर्ग पाणी पिऊ लागला तर तोही पितो, आणि ठरलेला क्रम तर त्याला आवडतोच! गणवेश, बूट आणि प्रार्थनेसाठी उन्हात उभे राहणे यांबाबतही हीच सैल दोरी असावी. पत्र्याखालची जागा त्याला देऊ नये.

'एकाला सवलत दिली की सगळे मागतील,' असे काही शिक्षक म्हणतील. पाण्याची सवलत सगळ्यांनी मागितली तर बिघडले कुठे? 'सोसायची सवय होऊ द्या,' असे काही पालक म्हणतील. सवय होते, हे खरे. आठवडा-दोन आठवड्यांत शरीर लवकर आणि अधिक घाम आणायला शिकते. पण त्यासाठी पाणी जास्तच लागते. आणि न जाणवणारी गोष्ट सवयीने जाणवू लागेल, याची खात्री नाही.

नियम उन्हापुढे वाकवता येतात, हे आपण विदर्भातल्यांनी तरी नाकारू नये. उर्वरित महाराष्ट्रात शाळांच्या घंटा वाजू लागतात, तेव्हा उन्हामुळे आपली सुटी चालूच असते. एका प्रदेशासाठी जे करता येते, ते एका मुलासाठी का करता येऊ नये? शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले आहे आणि शाळांनी अशा मुलांच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात असे सांगितले आहे. पाण्याची बाटली आणि सावलीतला बाक यांहून स्वस्त सोय कोणती?

मित्रहो, तुमच्यासाठी एक काम. आपल्या वर्गात एक थर्मामीटर टांगा. मार्च-एप्रिलमध्ये दर तासाला त्यावरील आकडा वहीत लिहा, आणि शेजारी 'मला किती उकडले' याला शून्य ते दहापैकी गुण द्या. चारपाच जणांनी एकमेकांचे न पाहता हे करावे. आकडा एकच आणि गुण मात्र निरनिराळे, असे पुष्कळदा दिसेल. त्या वह्या शिक्षकांना दाखवा आणि पाण्याच्या घंटेची मागणी करा. ती मंजूर होईपर्यंत, जो स्वतःहून पाणी मागत नाही अशा सोबत्यापुढे तासातासाला बाटली धरायला परवानगी कशाला हवी?