सोनखत आणि विहीर

मैल्याच्या खताला आपल्याकडे सोनखत म्हणतात. नाव सोन्याचे, ते वाहणारे हात कुणाचे होते, हे वाचकांना सांगायला नको.

उरलेली धायरी २०१७ साली महापालिकेत आली. जिथे ड्रेनेज नाही, तिथे संडासाची टाकी भरली की सक्शन गाडी बोलवावी लागते. ती गाडी कच्चा मैला शेतात किंवा ओढ्याकाठी ओतून गेली, तर पावसाबरोबर जंतू आणि नायट्रेट विहिरीत उतरतात. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे रुग्ण निघाले, तेव्हा संशय पाण्यावरच गेला. कारण हाच मैला होता, असे आम्ही म्हणत नाही. पण विहिरीचे पाणी किती सहज नासते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

मैला खत म्हणून वाईट नाही. आधी शुद्धीकरण केंद्रात न्यावा, वाळवावा, ढिगात ५५ अंशांवर काही दिवस तापू द्यावा. मग शेताला, तेही विहिरीपासून लांब, भर पावसात नाही, आणि कोथिंबीर-मुळ्याला तर नाहीच. कारखान्याचे पाणी मिसळलेला गाळ नकोच. त्यातले शिसे कुजत नाही!

संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा गाडीवाल्याला पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारा : आत कुणी उतरणार आहे का, आणि गाडी रिकामी कुठे करणार?