उंबरठ्याच्या आतले देशाटन

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, ही शिकवण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली आहे. ती आचरणात आणणे मात्र सर्वांना कधीच शक्य झाले नाही. प्रवासाला पैसा लागतो, रजा लागते, प्रकृतीची साथ लागते. परदेशी जायचे तर पारपत्र आणि व्हिसाही लागतो. आता संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर जगातील संग्रहालये, लेणी आणि नगरे पाहता येऊ लागली आहेत, तर ‘हा काही खरा प्रवास नव्हे’ असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. पण त्यावरून आभासी पर्यटन निरुपयोगी ठरत नाही. काही माणसांसाठी आणि काही स्थळांसाठी आज तोच सर्वांत योग्य मार्ग आहे, आणि त्याचा विचार केवळ करमणुकीच्या अंगाने करून चालणार नाही.

या फेऱ्यांमागचे तंत्र समजण्यास सोपे आहे. एका जागी कॅमेरा उभारून चहू दिशांची छायाचित्रे घेतली जातात, संगणक ती बेमालूम जोडतो आणि पाहणारा जणू त्या चित्रगोलाच्या मध्यभागी उभा राहतो. माउस फिरवला की मान वळवल्याचा भास होतो. गूगलने २००७ मध्ये अमेरिकेतील पाच शहरांच्या रस्त्यांपासून असा उपक्रम सुरू केला आणि २०११ मध्ये १७ नामांकित संग्रहालयांची दालने त्याच पद्धतीने खुली केली. पुढच्याच वर्षी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय त्यात सामील झाले. आपल्याकडेही पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली. कोलकात्याचे इंडियन म्युझियम आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांसारख्या संस्थांतील वस्तूंची छायाचित्रे व माहिती तिच्याद्वारे महाजालावर आली.

याचा पहिला लाभ कोणाला होतो? ज्यांच्यासाठी दार बंद आहे, त्यांना. गुडघे साथ देत नाहीत म्हणून अजिंठ्याच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्या निवृत्त शिक्षकाला, आजारी माणसाच्या उशापासून हलता न येणाऱ्या गृहिणीला, चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला ‘प्रत्यक्ष जाऊन पाहा’ असा सल्ला देणे निष्ठुरपणाचे आहे. त्यांच्यापुढे खरा प्रवास की आभासी, असा पर्यायच नसतो. पाहणे किंवा न पाहणे एवढेच दोन पर्याय असतात.

दुसरा लाभ स्थळांचा आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. फ्रान्समधील लास्को येथील गुहाचित्रे सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीची. १९४० मध्ये त्यांचा शोध लागला आणि १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी उघडली गेली. दररोज येणाऱ्या शेकडो प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे भिंतींवर शेवाळ धरू लागले. हजारो वर्षे टिकलेली चित्रे अवघ्या १५ वर्षांत धोक्यात आली. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. आज पर्यटक शेजारी उभारलेल्या प्रतिकृती पाहतात. त्याच देशातील शोवे गुहा १९९४ मध्ये सापडली, तेव्हा हा धडा लक्षात ठेवून ती सर्वसामान्यांसाठी कधी उघडलीच नाही. अशा ठिकाणी प्रत्यक्ष न जाणे हीच त्या कलेची सेवा आहे.

अजिंठ्याची गोष्ट याहून निराळी नाही. तेथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर रंगवलेली आहेत. दमटपणा, उष्णता आणि प्रखर प्रकाश हे त्यांचे शत्रू. त्यांच्या प्रती करण्याचा पहिला मोठा प्रयत्न रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून केला. त्या प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतांश नष्ट झाल्या. पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती काढल्या. त्यांतील कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत किती असुरक्षित असते, हे या दोन आगींनी दाखवून दिले. संगणकीय प्रत अनेक ठिकाणी राहू शकते, हे तिचे मोठेच सामर्थ्य होय.

मूळ वस्तूच नाहीशी झाली तर या सामर्थ्याचे मोल अधिकच कळते. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय सप्टेंबर २०१८ मध्ये जळाले. आगीपूर्वी टिपलेल्या छायाचित्रांच्या आधारे त्याच वर्षी त्याची आभासी फेरी खुली झाली. तीत दिसणारी दालने प्रत्यक्षात भस्मसात झालेली होती. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलची लेसरच्या साहाय्याने बारीक मोजमापे अँड्रयू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकांनी २०१० मध्ये घेऊन ठेवली होती. एप्रिल २०१९ च्या आगीनंतर ती एकाएकी अमोल ठरली. डिसेंबर २०२४ मध्ये ते मंदिर पुन्हा खुले झाले. दस्तऐवजाची नक्कल वेळीच करून ठेवण्याचे महत्त्व बँकेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

असे असले तरी पडद्याच्या मर्यादा विसरता कामा नयेत. लूव्हर संग्रहालयाच्या एकाच दालनात ‘मोनालिसा’ आणि व्हेरोनीजचे ‘काना येथील विवाह’ ही चित्रे आहेत. पहिले जेमतेम ७७ सेंटिमीटर उंचीचे. दुसरे सुमारे साडेसहा मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद. पडद्यावर दोन्ही तळहाताएवढी! भव्यतेपुढे मान वर करून उभे राहिल्यावर वाटणारा विस्मय तेथे नाही. लेण्यातला गारवा, प्रतिध्वनी, वाटेवरच्या चहावाल्याशी झालेले बोलणे यांपैकी काहीच नाही. शिवाय कॅमेरा जेथे गेला नाही, तेथे प्रेक्षकालाही जाता येत नाही. ज्याला जाणे शक्य आहे आणि ज्याच्या जाण्याने स्थळाची हानी होत नाही, त्याने अवश्य जावे. वाटाड्या, टांगेवाला, खानावळवाला यांची चूल पडद्यावरील प्रेक्षकांनी पेटत नाही.

घरबसल्या पाहण्यालाही शिस्त हवी. एका संध्याकाळी दहा देश पालथे घालणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एक दालन निवडावे, त्याविषयी आधी दोन पाने वाचावीत, नकाशावर गाव शोधावे, घरातील मुलांना आणि वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. फेरी शक्यतो संबंधित संस्थेच्या मूळ संकेतस्थळावरूनच पाहावी. मोफत फेरीच्या नावाखाली कार्डाचा तपशील किंवा ओटीपी मागणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावरून तत्काळ माघारी फिरावे.

अखेरचा मुद्दा भाषेचा. अनेक आभासी फेऱ्यांचे निवेदन इंग्रजीत असते, आणि ज्या वृद्धांना व ग्रामीण विद्यार्थ्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, तेच त्या निवेदनाला पारखे होतात. अजिंठा-वेरूळपासून गावोगावच्या लहान संग्रहालयांपर्यंत आपल्या ठेव्याचे काटेकोर छायांकन व्हावे आणि त्याला मराठीसह सर्व भारतीय भाषांत जाणकारांचे निवेदन मिळावे. हा खर्च अनाठायी नाही. ठेवा शाबूत असताना केलेली नोंदच तो संकटात सापडल्यावर कामी येते. आणि तोवर ज्यांच्या पायांना ती वाट चढणे शक्य नाही, त्यांच्या डोळ्यांना तरी ती खुली राहते.