उशिराच्या बर्फाचा हिशेब

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दहावी-बारावीचे पेपर संपतात आणि आमच्या महिला मंडळात काश्मीरच्या गप्पा सुरू होतात. यंदा तर दोघी-तिघींनी ‘आम्हाला नुसते बर्फाचे गोळे फेकायचे नाहीत, स्कीइंग शिकायचंय’ असं जाहीरच केलं. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी तीन दिवस गुलमर्गला स्कीइंग शिकून आले, त्यामुळे सगळ्या मलाच विचारतात, ‘एवढ्या उशिरा बर्फ मिळेल का हो?’

बरं, त्याआधीचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण तो असतोच. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात आपल्या डोंबिवली, पुणे, पनवेलची सहा होती आणि एक तिथलाच घोडेवाला होता. ‘नको बाई’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी भित्री म्हणत नाही. जायचं की नाही हे ज्याने त्याने घरी बसून ठरवावं. ज्यांचं जायचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

काश्मीरमध्ये थंडीचं कॅलेंडर पक्कं असतं. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’, मग वीस दिवस ‘चिल्लई खुर्द’, शेवटी दहा दिवस ‘चिल्लई बच्चा’. खरा टिकाऊ बर्फ पडायचा तो पहिल्या चाळीस दिवसांत. पण अलीकडे हे गणित चुकायला लागलंय. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात गुलमर्गची मैदानं पिवळी, कोरडी पडली होती. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत व्हायच्या होत्या. पुरेसा बर्फच नाही म्हणून त्या पुढे ढकलल्या आणि ९ मार्चला सुरू झाल्या! उत्तराखंडातल्या औलीलाही २०२३ मध्ये बर्फाअभावी स्पर्धा रद्द झाल्या. हा बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या पश्चिमी झंझावातांबरोबर. ते आले नाहीत किंवा हवा उबदार असली, तर बर्फाऐवजी नुसता पाऊस. युरोपात यंत्राने बर्फ फवारून वेळ मारून नेतात, गुलमर्गची भिस्त मात्र आभाळावर.

म्हणजे आपल्या शाळांच्या वेळापत्रकामुळे आपण जो ‘उशिराचा’ काळ निवडतो, तो आता पूर्वीइतका वेडेपणाचा राहिला नाही. पण भरवशाचाही नाही. गुलमर्ग आहे सुमारे २,६५० मीटरवर. मार्च सरताना पायथ्याचा उतार, जिथे आपल्यासारख्या नवशिक्या शिकतात, तो उघडा पडायला लागतो. गंडोलाने कोंगदूरीला गेलं की बर्फ बहुधा भेटतो. त्याच्याही वर, जवळजवळ चार हजार मीटरवर अफरवट. तिथे बर्फ असतो, पण तो आपला प्रांत नव्हे. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या हिमस्खलनात परदेशी स्कीपटू गेले, आणि ती मंडळी काही आपल्यासारखी कच्ची नव्हती. शिवाय वारा सुटला की वरचा टप्पा बंद ठेवतात, तेव्हा तिकीट काढलं म्हणजे पोहोचलोच असं समजू नका.

मार्चच्या बर्फाला वेळ सांभाळावी लागते. सकाळी तो कडक, दहा-अकराला छान मऊ, आणि दुपारी दोननंतर ओल्या साखरेसारखा. त्यात पाय रुतला की गुडघा पिरगळलाच म्हणून समजा. उन्हाचं तर विचारू नका. वरून येतं ते येतंच, बर्फावरूनही उलटं तोंडावर येतं. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, नाहीतर कपाळ काळं आणि नाक लाल घेऊन परत याल.

आता एवढं करून त्यात आहे काय? पहिल्या दिवशी शिकवतात ते पडायला आणि उठायला. अहो, पोरांना खरचटलं म्हणून धावण्यात आपली वीस वर्षं गेली, आपण स्वतः शेवटच्या कधी पडलो होतो आठवतंय? दुसऱ्या दिवशी स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग कसा मारायचा ते जमलं. तिसऱ्या दिवशी पन्नास-साठ पावलांचा उतार मी न पडता उतरले. त्या अर्ध्या मिनिटात डोक्यात गॅस, दूधवाला, सासूबाईंची गोळी, काही म्हणजे काही नव्हतं. कानात फक्त स्कीचा सर्रर्र आवाज.

मला शिकवणारा मुलगा टंगमर्गच्या बाजूचा होता. त्याच भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. या मुलांची, स्लेज ओढणाऱ्यांची, बूट-जॅकेट भाड्याने देणाऱ्यांची वर्षाची कमाई बर्फाच्या दोन-अडीच महिन्यांत होते. त्यातला जानेवारी कोरडा गेला की काय होतं, ते बचतगट चालवणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे पाऊस लांबला की उधारीची वही जशी फुगते, तसंच. आणि तिथे आपली मंडळी शंभर रुपयांवरून स्लेजवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालतात! स्लेजवाले गळ्यात पडतात, हे खरं आहे. मला त्याचा त्रासही झाला. पण पन्नाशीचा माणूस ऐंशी किलोच्या पाहुण्याला चढावर ओढत नेतो, ते बघून मला काही त्यात बसवलं नाही. मी पैसे दिले आणि चालत गेले.

तर मैत्रिणींनो, विमानाची तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, हॉटेलचे सगळे पैसे आधी भरू नका, आणि निघायच्या आठवडाभर आधी फोन करून कोंगदूरीला बर्फ किती आहे ते विचारा. इन्स्ट्रक्टर मात्र आधीच ठरवा, आणि बर्फ नसला तर त्याला निम्मे पैसे द्यायचे की कसं, तेही त्याच फोनवर बोलून घ्या.