थंडीतला हौद घासू नका

विहाराच्या अंगणात, वसाहतीच्या बागेत किंवा घरापुढच्या चार हात जागेत सिमेंटचा एक हौद, त्यात कमळाच्या दोन कुंड्या आणि मूठभर गप्पी मासे, हे दृश्य आता आपल्या वस्त्यांना नवे नाही. हा हौद नुसती शोभा नव्हे. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या गप्पी मासा आवडीने खातो. म्हणजे हे मासे घरातल्या लेकराबाळांचे राखणदारच. हे राखणदार मरतात ते मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत. त्याला थंडी जितकी कारण असते तितकाच खराटाही असतो, म्हणून हा विषय आम्ही आज घेतला आहे.

घडते ते असे. 26 जानेवारी जवळ आली की उत्साही मंडळी साफसफाईला लागतात. हौद हिरवा दिसतो. मग सगळे पाणी उपसायचे, मासे बादलीत काढायचे, भिंती विटेने घासायच्या आणि नळ सोडून हौद पुन्हा काठोकाठ भरायचा. संध्याकाळी हौद आरशासारखा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मासे पोट वर करून तरंगत असतात. पोरे हिरमुसतात, मोठी माणसे थंडीला दोष देतात.

खरे काय झाले ते पाहू. हौदाच्या भिंतीला हाताला बुळबुळीत लागणारा जो थर असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे उपकारक जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि सडलेल्या अन्नातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. हे जिवाणू त्याचे कमी अपायकारक द्रव्यात रूपांतर करतात. हा थर जमायला काही आठवडे लागतात आणि थंडीत त्याहून अधिक वेळ लागतो. आपण तो एका दुपारी खरवडून टाकतो. त्यात नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असते, ते माशांच्या कल्ल्यांना जाळते. शिवाय पाणी एकदम बदलले की उष्णतामानही एकदम बदलते. एकाच दिवशी हे तीन घाव बसले तर मासा कसा जगावा?

इंग्लंडसारख्या देशात हिवाळ्यात बागेतल्या तळ्यावर बर्फाचा थर जमतो. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. विदर्भात जानेवारीत दुपारी 28 अंशांची ऊब आणि पहाटे 10-12 अंशांचा गारठा असा हेलकावा रोज चालतो. डिसेंबर 2018 मध्ये तर नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उबदार भागातला. पाणी 15 अंशांखाली गेले की तो सुस्तावतो आणि 10 अंशांच्या आसपास त्याचा निभाव लागणे कठीण होते. गोल्डफिश मात्र ही थंडी सहज सोसतो. उथळ हौद लवकर गार होतो, म्हणून पाणी निदान दोन फूट खोल ठेवावे. रात्री हौदाच्या तीन भागांवर पोते किंवा जुनी चटई पसरावी, चौथा भाग हवेसाठी उघडा ठेवावा आणि ऊन आले की पांघरूण काढावे.

आता शेवाळाविषयी. शेवाळ म्हणजे घाण, ही समजूत आधी सोडली पाहिजे. भिंतीवरचे आखूड शेवाळ माशांचे खाद्य आहे आणि पिल्लांना लपायची जागा आहे. ते तसेच राहू द्यावे. केसांसारखे लांब धागे वाढले तर काठीला गुंडाळून काढावेत, मात्र एका दिवशी सगळे काढू नयेत. पाणीच मुगाच्या कढणासारखे दाट हिरवे झाले असेल तर समजावे की ऊन आणि खत दोन्ही जास्त होत आहे. हे खत येते कोठून? जास्त टाकलेल्या खाद्यातून, पाण्यात पडलेल्या फुलांतून आणि गळलेल्या पानांतून. हौदाशेजारी पिंपळ असेल तर पानगळीच्या दिवसांत वरून जुनी मच्छरदाणी ताणून बांधावी. कमळाची पिवळी पाने देठासह कापावीत. थंडीत कमळ विसावा घेते, त्याचा कंद चिखलात जिवंत असतो. म्हणून वेल वाळला असे समजून कुंडी उचलून फेकू नये.

शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू देते, पण रात्री तेही माशांसारखाच प्राणवायू घेते. गार पाण्यात प्राणवायू अधिक मावतो हे खरे. 15 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे 10 मिलिग्रॅम विरघळतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. तरीही दाट हिरव्या हौदात पहाटेपर्यंत तो संपत येऊ शकतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करीत असतील तर हीच खूण समजावी. तेव्हा त्याच हौदातले पाणी तांब्याने हातभर उंचीवरून दहा-पंधरा मिनिटे ओतत राहावे. त्या दिवशी खाद्य अजिबात घालू नये.

खाद्याचा नियम सोपा आहे. माशाच्या अंगची उष्णता पाण्याइतकीच असते. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते. थंडीच्या दिवसांत एक-दोन दिवसांआड, भर दुपारी, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. कडाका असेल तर तेही नको. पाव आणि भात टाकणे म्हणजे माया नव्हे. माशांनी न खाल्लेले ते अन्न तळाशी कुजते.

पाणी बदलायचे ते पंधरा दिवसांतून एकदा आणि फक्त पाव भाग. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल हौदात सुमारे 680 लिटर पाणी मावते. त्यातले 170 लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अकरा बादल्या काढल्या की पुरे. हे हिरवे पाणी कढीपत्ता, जास्वंद, वांगी यांना घालावे. झाडे तरारतात. नवे पाणी नळाचे असेल तर उघड्या पिंपात एक-दोन दिवस उन्हात ठेवावे आणि दुपारी हळूहळू सोडावे. बोअरचे पाणी हौदाच्या पाण्याहून कोमट असते आणि त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही थोडे थोडे आणि उंचावरून ओतावे.

काही जण मोरचूद टाकण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नये. मोरचुदाने शेवाळ मरते, पण मासेही मरतात आणि मेलेले शेवाळ कुजून उरलासुरला प्राणवायू खाते. ब्लीचिंग पावडर तर माशांना विषच आहे. शेवाळ खाईल म्हणून दुकानदार सकर मासा गळ्यात मारतात. तो फूटभराहून मोठा होतो, आपल्या थंडीत हाल सोसतो आणि कंटाळून कोणी नदीत सोडला की तेथे माजतो. उजनी जलाशयातल्या मच्छीमारांना या माशाने बेजार केले आहे. गप्पीही परदेशीच आहे. उरलेले मासे नदी-तलावात सोडू नयेत, शेजाऱ्याच्या हौदासाठी द्यावेत.

एवढे करूनही कडाका पडला तर? त्यासाठी बियाणे राखावे. डिसेंबर लागताच पाच-सहा माद्या आणि दोन नर हौदाच्याच पाण्यासह रुंद तोंडाच्या टबात काढून घरात ठेवावेत आणि टबावर जाळी बांधावी. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते. एकदा नराशी संग झालेली मादी पुढे काही महिने आपोआप पिल्ले देत राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हा टब हौदात रिता केला की पावसाळ्यापर्यंत हौद पुन्हा भरतो.

हे काम घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीवर किंवा मुलावर सोपवावे. रोज सकाळी मासे पाहणे, पाने काढणे आणि एका वहीत चार शब्द लिहिणे, एवढेच. हात न लावता नीट पाहत राहणे हीसुद्धा राखणच आहे, हे त्यांना यातून कळेल. आणि 26 जानेवारीला झाडलोट जरूर करावी. हौदाचा काठ बाहेरून धुवावा, चुना लावावा, रांगोळी काढावी. आतल्या हिरव्या भिंतीला मात्र हात लावू नये.