कुत्र्याचे घर घेताय? आधी भर दुपारी आत हात घालून पाहा

अंगणात पत्र्याचे तयार घर आणले, आत जुने पोते टाकले, की कुत्र्याची सोय झाली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी कुत्रा त्या घरात नसतोच. तो पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या मातीत खड्डा उकरून पसरलेला दिसतो. ‘घर घेतले तरी आत जात नाही,’ अशी तक्रार करण्याआधी आपण त्याला काय आणून दिले आहे, हे पाहायला हवे.

पत्रा का नको?
कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्याचे सामान्य तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. आजूबाजूची हवाच तापली आणि ती कोंडली, की धापा टाकूनही उपयोग होत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे पत्र्याचे बंद घर म्हणजे भट्टीच. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धोका आणखी जास्त. त्यांना बाहेर ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकूड किंवा चांगले जाड प्लायवूड बरे. पत्रा वापरायचाच असेल, तर तो फक्त वरच्या छपराला. त्याच्या खाली फळ्यांचे आढे आणि मध्ये हवा खेळेल इतकी फट ठेवा. समोरासमोरच्या भिंतींत वरच्या बाजूला जाळी लावलेले झरोके हवेत.

माप कसे घ्यायचे?
जातीवरून नव्हे, आपल्या कुत्र्यावरून. तो मान न वाकवता उभा राहील, सहज वळेल आणि पाय ताणून आडवा होईल, एवढी जागा हवी. पिल्लू असेल, तर त्याच्या पूर्ण वाढीचा अंदाज धरा.

कुठे ठेवायचे?
- झाडाच्या किंवा पडवीच्या सावलीत. सकाळची सावली दुपारी सरकते, म्हणून दिवसभर पाहून जागा ठरवा.
- आपल्याकडे पावसाचा मारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. कोकणात तर हे विसरूच नका.
- घर विटांवर चार-सहा इंच उचला. ओल, वाळवी आणि पावसाचे पाणी तिन्ही टळते.

छप्पर उघडणारे का हवे?
कारण गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसते. ती भिंतीच्या फटींत लपते, तिथेच अंडी घालते. कुत्र्याला औषध लावले आणि घर तसेच ठेवले, तर काही दिवसांत पुन्हा तेच. छप्पर निघत असेल तर कानाकोपरा घासता येतो, उन्हात वाळवता येतो. आतले गोणपाट दर आठवड्याला धुवा. पावसाळ्यात ओले अंथरूण एक दिवसही ठेवू नका.

रात्रीचे काय?
जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले, निफाड या बिबट्याच्या पट्ट्यात हा प्रश्न सर्वांत मोठा. अकोले परिसरातील बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात पाळीव कुत्री हेच त्यांचे सर्वांत मोठे भक्ष्य असल्याचे आढळले होते. अशा ठिकाणी उघड्या दाराच्या घरापाशी साखळीने बांधलेला कुत्रा राखण करत नाही. त्याला ना पळता येते, ना लपता येते. शिवाय तो बिबट्याला आपल्या दारापर्यंत आणतो, जिथे लहान मुलेही वावरतात. इथे रात्री कुत्रा घरात किंवा मजबूत जाळीच्या, वरूनही बंद असलेल्या खोलीतच हवा.

कायदा काय सांगतो?
प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा मालकाचा गुन्हा मानतो. आखूड किंवा जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हेही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. म्हणजे कायद्याच्या धाकाने काही बदलेल, अशी आशा नको.

म्हणून एक साधी परीक्षा सुचवतो. घर आणल्यावर दुपारी बारा-एकच्या सुमाराला आत हात घाला आणि पाच मिनिटे तसाच ठेवा. पाऊस पडला, की रात्री आतले अंथरूण चाचपून पाहा. हात भाजला किंवा ओला झाला, तर ते घर नव्हे, अंगणातली शोभेची वस्तू आहे. आणि चांगले घर बांधणे जमत नसेल, तर ओसरीचा एक कोपरा द्या. राखणीला ठेवलेल्या जिवाला आपल्या छपराखालची चार फूट जागा देणे कुणालाच जड नाही.