तिकीट मंचावरच्या नाचाचे




‘लोकांसमोर नाचायचं आणि वर खासगीपणाची तक्रार करायची?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल पटला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये नृत्यांगना गौतमी पाटील यांचे कपडे बदलतानाचे, चोरून केलेले चित्रीकरण पसरले आणि पुण्यात गुन्हा नोंदला गेला. तिकीट मंचावरच्या नाचाचे असते; पडद्यामागची खोली त्यात येत नाही.

कायदाही हेच मानतो. स्त्रीचे असे चोरून चित्रीकरण करणे वा पसरवणे गुन्हा ठरवणारी तरतूद दंड विधानात २०१३ मध्येच आली होती. आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ पहिल्याच दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे कैद सांगते. स्त्रीने चित्रीकरणाला संमती दिली, पण प्रसाराला नाही, तरी पसरवणे गुन्हाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई तर पुरुषांनाही असेच संरक्षण देते. आणि पसरवणेही गुन्हा असल्याने ‘बघून डिलीट करा’ म्हणत पुढे ढकलणारे आमच्याकडचे दादा-काकाही सुटत नाहीत!

तक्रारीनंतर असा मजकूर हटवायला समाजमाध्यमांना २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घातली होती. तोवर क्लिप गावोगावच्या फोनांत पोहोचायची. पत्रलेखकांनी त्यावर काही सुचवले असते, तर वाद घालायला मजा आली असती.

– एक वाचक, जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलढाणा)