‘वय झालं’ म्हणण्याआधी एक स्कॅन करा

घरातलं वडीलधारं माणूस विसरायला लागलं, की आपलं उत्तर तयार असतं. वय झालं. फार तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसायचं आणि कामाला लागायचं. शेजारीही तेच म्हणतात, नातेवाईकही तेच म्हणतात. कधीकधी घाईतले डॉक्टरही तेच म्हणतात. मग कुणी तपासतच नाही. आणि ज्यांच्या मेंदूला खरोखर म्हातारपण आलेलं नाही, ज्यांचा आजार एका लहानशा ऑपरेशनने मागे हटला असता, तेही त्याच खाटेवर पडून राहतात.

म्हणून आधी तुम्हालाच विचारते. गेल्या दोन महिन्यांत तुमचे वडील, आई, सासूबाई, आजोबा कुठे पडले होते का? आठवून बघा. बाथरूममध्ये पाय घसरला असेल. अंधारात कपाटाच्या दाराला डोकं लागलं असेल. टेंगूळ आलं, बर्फ लावला, विषय संपला. बरेचदा ही माणसं पडल्याचं सांगतसुद्धा नाहीत. ‘उगीच तुम्हाला त्रास’ म्हणून गप्प बसतात. तेव्हा नुसतं त्यांनाच विचारून थांबू नका. कामवाल्या ताईंना विचारा, वॉचमनला विचारा, नातवंडांना विचारा.

का विचारायचं, तेही सांगते. वयानुसार मेंदू थोडा आक्रसतो. मेंदू आणि कवटी यांच्यामध्ये जागा होते आणि त्या जागेतून जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशा वेळी साधा धक्काही एखादी शीर फाटायला पुरतो. रक्त एकदम वाहत नाही. थेंबाथेंबाने झिरपतं आणि आठवडे न् आठवडे साचत राहतं. तीन-चार आठवड्यांनी आई भाजीत दोनदा मीठ घालते. बाबा दिवसा झोपून राहतात. एका पायातली चप्पल चालता चालता निसटते आणि त्यांना कळत नाही. पडल्याची गोष्ट तोवर सगळे विसरलेले असतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका आणखी वाढतो. आज कित्येक घरांतल्या औषधांच्या डब्यात ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सापडेल. (गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना दाखवा, ते ठरवतील.)

अशा साचलेल्या रक्ताला क्रॉनिक सबड्युरल हिमाटोमा म्हणतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये तो बहुतेक वेळा दिसतो, आणि स्कॅनला काही मिनिटं पुरतात. पुढचं काम न्यूरोसर्जनचं. कवटीला एक-दोन लहान भोकं पाडतात. पुष्कळदा तेवढाच भाग बधिर करून हे होतं, पूर्ण भूलही लागत नाही. मेंदूवरचं आवरण उघडलं, की आतून गाडीच्या जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट पातळ रक्त बाहेर येतं. ती पोकळी सलाईनने धुतात, एक नळी एक-दोन दिवस ठेवतात. दबाव उतरला, की कित्येक माणसं काही दिवसांत पुन्हा नीट बोलू लागतात, स्वतःच्या हाताने जेवू लागतात. दहातल्या एक-दोघांना रक्त पुन्हा साचतं, हेही खरं. म्हणून घरी आणल्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आता दुसऱ्या आजाराकडे या. हा पडल्याशिवायही येतो आणि जास्त चकवतो. आपल्या मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. मेंदू आणि मणक्याभोवती एका वेळी दीडशे मिलीलीटरच्या आसपास असतं. उतारवयात काहींचं हे शोषणं बिघडतं. मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, पण तपासलं तर पाण्याचा दाब नॉर्मलच येतो. कोलंबियातल्या बोगोटाच्या डॉ. सालोमोन हाकीम यांना हे कोडं पडलं ते अपघातानंतर गुंगीत असलेल्या 16 वर्षांच्या मुलामुळे. पाणी थोडं काढलं आणि तो मुलगा सुधारला. 1965 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार जगापुढे मांडला. नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, डॉक्टरांच्या बोलण्यात एनपीएच.

याच्या तीन खुणा तुम्ही घरबसल्या ओळखू शकता. चाल बिघडते, लघवी आवरत नाही आणि विसरायला होतं. चाल बहुतेक वेळा आधी बिघडते. पावलं लहान पडतात, पाय फाकवून टाकले जातात, टाच उचलतच नाही. वळताना चार-पाच पावलं घ्यावी लागतात. उंबऱ्याशी माणूस थबकतो. कुणी म्हणतं गुडघे गेले, कुणी म्हणतं पार्किन्सन. गोळ्या सुरू होतात आणि फरक पडत नाही. लघवीचं तर कुणी बोलतच नाही. डायपर आणून कपाटात ठेवतो आणि गप्प बसतो. या लाजेपायी फार नुकसान झालंय हो. बोला.

मुलं पुण्यात, अमेरिकेत, आईबाबा गावी, अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. तुम्ही रोज व्हिडिओ कॉल करत असाल. पण कॉलवर दिसतो फक्त चेहरा. आज फोन कराल तेव्हा कुणाला तरी मोबाईल लांब धरायला सांगा. बाबांना खुर्चीतून उठून दारापर्यंत जायला सांगा, वळून परत यायला सांगा. तेवढं रेकॉर्ड करा. सहा महिन्यांपूर्वीच्या एखाद्या लग्नातला त्यांचा चालतानाचा व्हिडिओ मिळाला तर तोही ठेवा. दोन्ही एकापाठोपाठ बघा. डॉक्टरांनाही दाखवा.

एनपीएचची शंका आली, की करायची चाचणी बघण्यासारखी असते. जमिनीवर दहा मीटरची पट्टी आखलेली. बाबा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात, कुणीतरी घड्याळ लावून पावलं मोजतं. मग कमरेतून सुईने तीस ते पन्नास मिलीलीटर पाणी काढतात. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तीच पट्टी, तेच घड्याळ. पावलं कमी लागली, वळण सोपं झालं, तर शंट बसवण्याचा विचार होतो. शंट म्हणजे त्वचेखालून डोक्यापासून पोटापर्यंत नेलेली बारीक नळी. मध्ये एक व्हॉल्व असतो. जास्तीचं पाणी पोटात जातं आणि तिथे जिरतं. काही व्हॉल्व नंतर बाहेरून चुंबकाने कमीजास्त करता येतात.

इथे तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. 2025 मध्ये 99 रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. शंट सगळ्यांना बसवला, पण निम्म्यांचा व्हॉल्व जवळजवळ बंद ठेवला. तीन महिन्यांनी ज्यांचा चालू होता त्यांची चाल स्पष्ट सुधारली होती. स्मरणशक्तीत मात्र दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. शंट बुजू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पाणी जास्त गेलं तर रक्त साचू शकतं. पण माणूस स्वतः उठून संडासला जाऊ लागणं, पडायचं थांबणं, ही त्या घरासाठी केवढी गोष्ट आहे ते रात्री तीनदा उठणाऱ्या सुनेला विचारा.

आणि हेही स्पष्ट ऐका. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या बहुतेकांना ऑपरेशनचा उपयोग नाही. अल्झायमर चाकूने जात नाही. तो जातो असं सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर उठून घरी या. चीनमध्ये अल्झायमरसाठी मानेतल्या वाहिन्या जोडायच्या ऑपरेशनचं पेव फुटलं होतं. 2025 मध्ये तिथल्या सरकारनेच ते बंद केलं. चांगला न्यूरोसर्जन जितक्यांना ऑपरेशन करतो त्याहून जास्त जणांना ‘नको’ म्हणतो, आणि त्या ‘नको’लाही मोल आहे. स्कॅनमधल्या फुगलेल्या पोकळ्या पाण्यामुळे की मेंदू आक्रसल्यामुळे, हे त्यालाच न्यूरॉलॉजिस्टबरोबर बसून ठरवावं लागतं. कधी तिसरंच काही निघतं. कपाळामागे वर्षानुवर्षं हळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ असते. मिश्किल आजोबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतात ते तिच्यामुळे.

म्हणून उशीर करू नका. आधी फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. बी-12, थायरॉइड आणि सोडियम तपासून घ्या, ही कारणं तर औषधोपचारानेच हटतात. मग स्पष्ट शब्दांत विचारा, ‘डोक्याचा स्कॅन करायचा का? यात ऑपरेशनने बरं होण्यासारखं काही आहे का?’ हे विचारण्यात उद्धटपणा नाही. विसरणं वर्षांत नाही तर आठवड्यांत वाढलं असेल, तर याच आठवड्यात जा. आणि डोकं खूप दुखतंय, उलट्या होताहेत, एक बाजू लुळी पडतेय, माणूस हाकेला ओ देत नाही, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघू नका. सरळ कॅज्युअल्टीत न्या. रात्र असली तरी न्या.

पैशाची काळजी मला कळते. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे भरतीचे उपचार बसतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भेटा, स्कॅनचा खर्च कशात बसतो ते आधीच विचारा.

मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत आणि गोव्यात बांबोळीला न्यूरोसर्जरी विभाग आहेत. ओपीडीचे वार ठरलेले असतात, ते उद्या सकाळी फोन करून विचारा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं, पडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि चालण्याचा व्हिडिओ, एवढं बरोबर घ्या आणि त्यांना घेऊन निघा.